डकवल्याची तारीख

सकाळच्या टपालात आलेली चिठ्ठी जेमतेम दोन बोटं रुंद होती आणि तिच्यावर तीनच शब्द छापलेले होते: कलम एकवीस वगळले. एवढीशी चिठ्ठी, पण ती आल्यापासून त्याने दुसऱ्या कुठल्याच कामाला हात लावला नव्हता. एकतीस वर्षांहून अधिक काळ तो न्यायालयाच्या ग्रंथालयात दुरुस्ती कारकून होता. कायदा बदलला की सरकारी छापखान्यातून चिठ्ठ्यांचे कागद यायचे. ते कापायचे, जाडजूड पुस्तकातलं नेमकं पान काढायचं आणि नेमक्या ओळीवर चिठ्ठी डकवायची, हे त्याचं काम. वकील मंडळी त्याला ठिगळराव म्हणत, आणि त्याला त्याचं काही वाटत नसे, कारण ठिगळ लावणाऱ्यालाच कापड कुठे विरलंय ते आधी कळतं असं तो मनातल्या मनात म्हणत असे. कामाची शिस्त त्याला जुन्या हेडक्लार्कने लावली होती. खळ फक्त चिठ्ठीच्या डाव्या कडेला लावायची, म्हणजे चिठ्ठी पानासारखी उचलता येते आणि खालचा जुना मजकूर वाचता येतो. "पुढं कुणी विचारलं, आपण कसे होतो, तर दाखवायला नको?" असं हेडक्लार्क म्हणायचा. दुसरी शिस्त तारखांची. चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन तारखा घालायच्या, आल्याची आणि डकवल्याची, आणि पुढे सही. नव्वद टक्के कारकून असल्या ठिकाणी हात राखून असतात. तो राखून नव्हता. त्याने प्रत्येक चिठ्ठीवर दोन्ही तारखा प्रामाणिकपणे घातल्या होत्या, आणि आता त्याच प्रामाणिकपणाची त्याला धडकी भरली होती.

कारण चार वाजता त्याची मुलगी येणार होती. मुलगी वकील होती. घरात तो तिला थट्टेने वकीलसाहेब म्हणायचा आणि ती पण "बोला, अशील" म्हणून ऐटीत उत्तर द्यायची. गेली तीन वर्षं ती आणि तिच्यासारख्या दहा-बारा जणी या कलम एकवीसच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. नवऱ्याचं घर त्याच्या संमतीशिवाय सोडणाऱ्या बायकोला पोलिसांनी परत त्या घरी पोचवावं आणि तिला आसरा देणाऱ्याला दोन वर्षांची कैद व्हावी, असं ते कलम होतं. आता ते गेलं होतं. ज्यांना त्या कलमाखाली ओढून नेलं त्या बायकांच्या जबान्या मुलगी गोळा करत होती, आणि त्यांत पहिली जबानी तिच्या सख्ख्या आत्याची होती. आई गेल्यावर आत्यानेच तिला सांभाळलेलं. "बाबा, मूळ प्रतीतल्या त्या पानाचे फोटो मला हवेत," ती सकाळी बुटांच्या नाड्या बांधता बांधता म्हणाली होती. "सगळे थर. पहिली चिठ्ठी, दुसरी चिठ्ठी, आणि आजची. कायदा कसा कसा मऊ होत गेला ते एका नजरेत दिसेल." मग दारातून वळून तिने सहज विचारलं, "आत्याला न्यायला आले त्याची तारीख चौदाच ना हो? आणि तिचा पत्ता त्या कंपाउंडरने सांगितला होता ना?" तो चहाचा कप विसळत होता. त्याने पाण्याची धार मोठी केली आणि हो म्हणाला.

कंपाउंडर बिचारा शेजारच्या खोलीत राहायचा. भिंतीला कान लावून बसतो अशी त्याची ख्याती होती, त्यामुळे त्याच्यावर आळ घ्यायला कष्ट पडले नाहीत. खरं म्हणजे कारकुनाने स्वतः कधी आळ घेतलाच नव्हता. कुणीतरी म्हणालं, कंपाउंडरच असणार, आणि तो गप्प राहिला. मौनानेसुद्धा खोटं बोलता येतं आणि त्याची कुठे नोंद होत नाही. कंपाउंडर मरून अकरा वर्षं झाली. त्याच्या तेराव्याला ताई, म्हणजे मुलीची आत्या, गेली नव्हती, आणि का नाही गेलीस असं त्याने तिला विचारलंही नव्हतं.

पुस्तक समोर होतं. लाल कातडी पुठ्ठा, कडा झिजून पांढऱ्या पडलेल्या. त्याने ते उघडलं नव्हतं. टेबलावर खळीची वाटी, सपाट सुरी, टीपकागद, सगळं मांडून तो नुसता बसून होता. बाहेर व्हरांड्यात वकिलांचा गलका चालला होता. एक म्हातारे वकील, ज्यांनी वीस वर्षांपूर्वी याच इमारतीत कलम एकवीस म्हणजे घराचा आढा आहे, तो काढाल तर छप्पर खाली येईल असं तास-दीड तास घसा फोडून सांगितलं होतं, ते आज चार तरुण वकिलांना सांगत होते, "अहो, मी तर तेव्हापासून म्हणत होतो, हे रानटी आहे." आणि ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं आठवत होतं. हीच गोष्ट त्याला सगळ्यात भयंकर वाटली. काल ग्रंथपाल बाईंनी ते कलम मोठ्याने वाचून हसत विचारलं होतं, "असं कसं हो चालवून घेत होतात तुम्ही लोक?" तुम्ही लोक. जणू तो कुठल्या बुडालेल्या बेटावरून पोहत आला होता. चालवून कोण घेत होतं? सगळेच. कलम एकवीस त्याने पुस्तकात वाचलं त्याच्या कितीतरी आधी आईच्या तोंडून ऐकलं होतं. दिल्या घरी राहावं. मारतो तो नवरा तारतोही. दुकानदार तेच म्हणायचा, शाळेतल्या बाई तेच म्हणायच्या, डॉक्टर ताईच्या कानात औषध घालता घालता तेच म्हणाला होता. मग कधीतरी लोकांच्या जिभेवरचा शब्द बदलला. आधी अशा बाईला 'पळालेली' म्हणायचे, मग 'माघारी आलेली' म्हणू लागले, मग 'निघून आलेली'. आता मुलगी 'सुटलेली' म्हणते. कुणी ठरवून बदलला नाही. एका घरात पोरगी मेली, दुसऱ्या घरात बापाने परत पाठवायला नकार दिला, तिसऱ्या घरात आईच पोरीला घेऊन निघाली, आणि जेवणावळ उठल्यावर येणाऱ्या पाहुण्यासारखा कायदा सगळ्यांच्या मागून पाय ओढत आला. हे सगळं त्याने इथे याच खुर्चीत बसून, दोन बोटं रुंदीच्या चिठ्ठ्यांतून पाहिलं होतं. तो कायदे वाचत नसे, त्यांना हात लावत असे.

ताई आली ती महिन्याच्या दोन तारखेला, संध्याकाळी. त्याला नोकरी लागून सहा-सात महिने झाले होते. एका खोलीत तो राहायचा, खिडकीशी स्टोव्ह, स्टोव्हवर फळी. ती दारात उभी राहिली तेव्हा तिच्याकडे एक पिशवी होती. पिशवीत कपड्यांचे दोन जोड आणि शिवणकामाची तिची ती कात्री, नागमोडी दातांची, जिने कापलं की कापडाचे दोरे निघत नाहीत. डाव्या कानावर रुमाल बांधला होता. "चार दिवस राहते, धाकट्या," ती म्हणाली, आणि रुमालाबद्दल त्याने विचारायच्या आधीच म्हणाली, "या बाजूने बोलू नकोस. ऐकू येत नाही." ती दिवसभर खोलीत कडी लावून बसायची. तो बाहेरून कुलूप लावून जायचा, म्हणजे कुणाला संशय नको. नवऱ्याच्या घरीही तिला बाहेरून कुलूपच असे, हे त्याला नंतर कधीतरी कळलं. संध्याकाळी तो आला की तिने खळ शिजवून ठेवलेली असायची. तेव्हा खळ घरून न्यायची पद्धत होती. मैदा, पाणी आणि किडीने पुस्तक खाऊ नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तिच्या हातची खळ कशी गुळगुळीत, एक गाठ नसे. हेडक्लार्कने बोट बुडवून विचारलं होतं, "लग्न केलंस की काय रे?" आणि तो घाबरून "नाही हो, शिकलो" म्हणाला होता. तेव्हापासून तो घाबरलेलाच होता. जिन्यात पाऊल वाजलं की तो दिवा मालवायचा. दोन वर्षांची कैद. नोकरी गेली असती. कायद्याच्या घरात नोकरी करणारा कायदा मोडून बसला असं पेपरात आलं असतं.

आणि ती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी, तीन तारखेला, चिठ्ठ्यांचे कागद आले होते. त्याने आवक रजिस्टरात नोंद केली, कोपऱ्यांत आल्याची तारीख घातली. तारीख घालताना डोळे ओळीवरून घसरले. 'तिचे आईबाप अथवा सख्खा भाऊ यांस ही शिक्षा' इथपर्यंत त्याने वाचलं आणि कागद दुमडला. पुढचं वाचायला काय झालं होतं? पुढे 'लागू होणार नाही' असं होतं. दहा-अकरा शब्दांचं वाक्य. पण ते पुरं वाचलं असतं तर मग भिण्याचं कारण उरलं नसतं, आणि कारण नसतानाही आपण भीत राहिलो असतो तर त्या भीतीला काय नाव द्यायचं? हेडक्लार्क नेहमी म्हणायचा, चिठ्ठी डकवली की कायदा बदलला, तोवर नाही. गमतीने म्हणायचा. त्याने ती गंमत घट्ट धरून ठेवली. ऑफिसात एकच कात्री आणि ती बोथट, म्हणून कागद घरी नेऊन कापायची मुभा होती. त्याने तो गठ्ठा दोरी बांधून घरी नेला, स्टोव्हवरच्या फळीवर ठेवला, आणि रोज संध्याकाळी त्याच्याकडे न बघता जेवला.

तेरा तारखेला दुपारी हवालदार ऑफिसात आला. मिशा पिकलेल्या, बोलणं अगदी घरगुती. "बसा, बसा, उठू नका," तोच त्याला म्हणाला. "तुमच्या बहिणीचे यजमान आले होते चौकीवर. माणूस काळजीत आहे हो. तुम्हाला काही ठाऊक?" खिडकीतून ऊन टेबलावर पडलं होतं. हवालदाराने टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुम्ही शिकलेले. कलम तुम्हाला मी काय सांगणार." तेव्हा फक्त एक वाक्य बोलायचं होतं: कलम बदललंय, साहेब, दहा दिवस झाले. पण हवालदाराच्या पुस्तकात तरी कुठे ती चिठ्ठी डकवली होती? हा विचार त्याला तेव्हा आला की नंतर स्वतःशी वकिली करताना आला, हे आता सांगता येत नाही. त्याला एवढंच आठवतं की त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी असावा तसा आला आणि म्हणाला, "घरीच आहे. सकाळी दहानंतर या. मी नसतो." हवालदाराने कागद पुढे केला. त्याने सही केली, आणि शिस्तीचा माणूस, सहीखाली तारीखही घातली.

त्या संध्याकाळी ताई बरी होती. म्हणजे जवळजवळ आनंदात होती. तिने खिडकी उघडली होती, बारा दिवसांत पहिल्यांदा. वाढता वाढता म्हणाली, "आता तू घाबरू नकोस हं, धाकट्या. आता काही नाही." त्याला वाटलं, धाकट्याची समजूत घालतेय. त्याने मान खाली घालून भात कालवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोली रिकामी होती, कुलूप तोडलेलं. स्टोव्ह गार. पातेल्यात खळ शिजवून ठेवलेली, वर साय धरलेली. पंधरा तारखेला त्याने गठ्ठा ऑफिसात नेला, सोडला, आणि वरचीच चिठ्ठी घेऊन, तिच्या हातच्या त्या खळीने, डोळे अर्धे मिटून कलम एकवीसवर डकवली. तारीख घातली. सही केली. ताई बारा वर्षं त्या नवऱ्याच्या घरात राहिली. नवरा मेल्यावर भावाकडे आली, भावाची पोरगी वाढवली, आणि एकदाही त्या दिवसाचा विषय काढला नाही. जेवताना तो नेहमी तिच्या डाव्या हाताला बसायचा. बहिरी बाजू. तिथे बसून काही पुटपुटलं तरी चालायचं. कितीदा तरी त्याने त्या कानाला सगळं सांगितलं होतं.

साडेतीन वाजले तसा तो भानावर आला. इतकी वर्षं एक आधार होता: कायदाच तसा होता. रात्री अंथरुणात, देवापुढे, आरशापुढे, कुठेही हे तीन शब्द पुरायचे. ती सही त्याची एकट्याची नव्हती, तिच्यामागे सरकार होतं, आई होती, दुकानदार, डॉक्टर, सगळं गाव होतं. आणि आज छापखान्याने तीन शब्दांत सगळ्यांना उठवून नेलं. तो म्हातारा वकीलसुद्धा निघून गेला, मी तर तेव्हापासून म्हणत होतो म्हणत. उरला होता तो फक्त त्याचा स्वतःचा हात. त्यातही पहिली चिठ्ठी म्हणजे तोही आधार खोटा होता याचा दाखला, खुद्द त्याच्याच अक्षरात. आली तीन. डकवली पंधरा. आणि मधे चौदा. मुलगी हुशार आहे. तारखा ती बोटावर मोजणार नाही, नुसती बघेल आणि तिला कळेल. मग ती काय करेल? ओरडणार नाही. ती त्याला अहो-जाहो करते ते तसंच करत राहील, आणि तेच त्याला सहन होणार नाही.

त्याने पुस्तक उघडलं. पान आपोआप सापडलं, पुस्तकांना आपली दुखरी जागा ठाऊक असते. वर दुसरी चिठ्ठी, चौदा वर्षांपूर्वीची, पोलिसांनी बळजबरी करू नये म्हणणारी. ती उचलली. खाली पहिली. एकतीस वर्षांत त्याने ती एकदाही उघडून पाहिली नव्हती. ओला टीपकागद डाव्या कडेवर दहा मिनिटं ठेवला की खळ फुगते आणि सुरीने चिठ्ठी अलगद सुटते, हे त्याने शेकडो वेळा केलं होतं. एक चिठ्ठी हरवली म्हणून जग बुडत नाही. जुनी होती, गळून पडली, म्हणता येईल. त्याने टीपकागद भिजवून पिळला आणि कडेवर दाबून धरला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्याने दहा मिनिटं धरलं. मग उचलून पाहिलं. खळ जराही हलली नव्हती. मोरचुदाची खळ, गाठ नसलेली, जशी लावली तशी. मात्र ओलाव्याने कागद काळसर झाला होता आणि त्याची कड पानावर स्पष्ट उमटून आली होती. ती सरळ नव्हती. लहान लहान दात होते, एकसारखे, चारही बाजूंनी, कापडाचे दोरे निघू नयेत म्हणून कापतात तसे.

तो बघत राहिला. मग त्याने घाईघाईने पुढची पानं उलटली, त्याच महिन्यातल्या इतर चिठ्ठ्या काढून पाहिल्या. वीज, जकात, जनावरांचे दवाखाने. सगळ्यांना ते दात. सगळा गठ्ठा आधीच कापलेला होता, आणि तो कुणी कापला हे त्या पंधरा तारखेला त्याने स्वतःला विचारलंच नव्हतं. दिवसभर कुलपाआड बसलेल्या बाईने, धाकट्याचं काम हलकं व्हावं म्हणून, होती त्या कात्रीने एकेक चिठ्ठी कापली होती. म्हणजे वाचलीही होती. 'सख्खा भाऊ यांस ही शिक्षा लागू होणार नाही', पुरं वाक्य. म्हणून तिने खिडकी उघडली होती. आता तू घाबरू नकोस. ती समजूत नव्हती, ती बातमी होती. तिने त्याला कायदा सांगितला होता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहानंतर दार वाजलं तेव्हा तिला लगेच समजलं असणार की कंपाउंडरला असं काही सांगायचं कारण असेलही, पण धाकटा घरी नसतो नेमकी ती वेळ कंपाउंडरने निवडली नसती.

जिन्यावर पावलं वाजली. एक भरभर, एक थांबत थांबत. मुलगी आत आली ती मागे वळून बोलतच, "सावकाश, आत्या, शेवटची पायरी उंच आहे." मग त्याला म्हणाली, "हिलापण आणलं, बाबा. म्हटलं, बघू दे एकदा काय होतं ते. चालेल ना?" ताई खुर्चीच्या पाठीला धरून दम घेत होती. टेबलावरचा ओला टीपकागद, सुरी, उघडं पान, सगळं तिने पाहिलं. मुलगी कॅमेरा काढून पानावर वाकली. एक चिठ्ठी उचलली, दुसरी उचलली. "ही ओली कशाने झाली? आणि ही अशी करवती कड का आहे?"

"ती कात्री माझी," ताई म्हणाली. "दिवसभर बसून काय करणार होते."

मुलगी हसली. मग तिचं हसणं ओठांवरच राहिलं आणि डोळे खाली कोपऱ्याकडे गेले. आली तीन. डकवली पंधरा. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती त्या तारखांकडेच पाहत राहिली, फार वेळ, आणि बाहेर कुणीतरी शिपायाला हाका मारत होतं. तेव्हा तो उठला. टेबलाला वळसा घालून तो ताईच्या डावीकडे गेला, सवयीने, आणि थांबला. मग तिच्या मागून फिरून उजव्या बाजूला आला, जिथे तो इतकी वर्षं कधी बसला नव्हता, आणि वाकून म्हणाला, "ताई, कंपाउंडर नव्हता. मी सांगितलं."

ताईने मान हलवली, पुढच्या गल्लीत वळायचं ना असं कुणी विचारल्यावर हलवावी तशी. तिचा हात पानावर गेला आणि त्या दातेरी कडेवरून बोट फिरत राहिलं.

"मी ती सगळ्यात वर ठेवली होती रे," ती म्हणाली. "गठ्ठा सोडलास की पहिली तीच दिसावी म्हणून. रोज वाटायचं, आज सोडशील."

मुलीने कॅमेरा डोळ्याला लावला, खाली घेतला, पुन्हा लावला. चिठ्ठ्या आपोआप मिटत होत्या, जुने कागद तसे मिटतातच.

"पान धरून ठेवा," ती म्हणाली. बाबा म्हणाली नाही. "नाही, अंगठा काढू नका. फोटोत आला तर येऊ दे."